अत्तर आपल्याच नाकाने निवडा

नालवाडीहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज कर्जाचा हप्ता नाही, बँकेची कागदपत्रं नाहीत आणि गटाचं रजिस्टरही नाही. आज आपण अत्तराबद्दल बोलणार आहोत. अत्तर म्हणा, सेंट म्हणा, परफ्यूम म्हणा. दुकानात आणि जत्रेत एवढ्या बाटल्या मांडलेल्या असतात. त्यातली आपल्याला शोभणारी कोणती, ती कशी ओळखायची, आणि कष्टाचे पैसे वाया न घालवता कशी घ्यायची, एवढाच आजचा विषय.

हा विषय ठरला तेव्हा आमच्या बैठकीत दोन बाजू पडल्या. काही जणी म्हणाल्या, "नालवाडी म्हणजे विनोबांचं गाव. इथून का अत्तर-सेंटच्या गोष्टी सांगायच्या?" म्हणणं खोटं नाही. विनोबा १९३२ च्या डिसेंबरात इथे राहायला आले आणि १९३८ साली पवनारला गेले. ग्राम सेवा मंडळ १९३४ साली इथेच सुरू झालं. साधेपणाची शिकवण इथल्या मातीतच आहे. पण आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "लग्नाला जाताना आपण सगळ्याच काही ना काही लावतो. मग जे लावतो ते समजून का नाही लावायचं?" काकूंचं सगळ्यांना पटलं.

वासाचा आणि नालवाडीचा आणखी एक संबंध आहे. १९३०च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी इथे चर्मालय चालवलं. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं काम तिथे शिकवलं जाई. गांधीजींनी आपल्या 'हरिजन' साप्ताहिकात त्या कामाबद्दल लिहिलं होतं. हे काम करणाऱ्या माणसांना गाव दूर ठेवत असे. तोंडाने वासाचं कारण सांगितलं जाई, पण खरं कारण जात होती. सगळ्या गावाच्या पायात त्यांनीच केलेली चप्पल असायची, तेव्हा कोणी नाक दाबत नसे.

हे जुनं आज का काढलं? कारण वासावरून माणूस तोलायची सवय अजून गेलेली नाही. दिवसभर कापूस वेचून किंवा निंदण करून एखादी बाई एस.टी.त चढते. शेजारी बसलेली लगेच पदर नाकाला लावते. टीव्हीवरची जाहिरात तर उठता-बसता सांगते की तुमच्या अंगाला वास येतो, म्हणून लोक तुमच्यापासून दूर पळतात. आधी लाज वाटायला लावायची आणि मग बाटली विकायची, असा हा धंदा आहे. लाजेपोटी घेतलेली बाटली कधीच शोभत नाही, कारण ती घेताना आपलं लक्ष स्वतःच्या आवडीकडे नसतं, लोक काय म्हणतील याकडे असतं. म्हणून बाटलीकडे जाण्याआधी घामाचं नीट समजून घेऊ.

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत जो घाम येतो तो जरा वेगळा असतो. त्वचेवरचे बारीक जंतू त्यावर जगतात, त्याचं विघटन करतात आणि मग दर्प येतो. म्हणजे उपाय अत्तराच्या आधीचा आहे. आंघोळ करताना काखा साबणाने धुवायच्या, नीट कोरड्या करायच्या. सुती ब्लाऊज घालायचा. आतले कपडे साडीखाली लपवून सावलीत वाळवायचे नाहीत, सरळ उन्हात टाकायचे. आपल्याकडे आणखी काही नसलं तरी ऊन भरपूर आहे. ओल्या काखेवर तुरटीचा खडा हलकेच फिरवला तरी बऱ्याच जणींचं काम भागतं. दर्पावर सेंट मारला तर दर्प जात नाही. दोन्ही मिसळून तिसराच वास तयार होतो, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो.

आता जरा नाजूक गोष्ट. पण रेडिओवर आपल्या-आपल्यातच आहोत, तेव्हा मोकळेपणाने सांगतो. लघवीच्या जागी सेंट, डिओ, सुगंधी पावडर, सुवासिक पाणी असलं काही कधीच लावू नका. पाळीच्या दिवसांत पॅडवर सेंट शिंपडू नका. सुगंधी पॅडनेही काही जणींना खाज सुटते. योनीचा आतला भाग शरीर स्वतःच स्वच्छ ठेवतं. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे. अंगावरून पांढरं जात असेल, त्याला नेहमीपेक्षा वेगळा घाण वास असेल, रंग हिरवट-पिवळट असेल, खाज किंवा जळजळ असेल, तर तो आजार आहे. सुवासाने तो झाकायचा नाही. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. बहुतेक वेळा औषधाने बरं होतं. लाजेखातर वर्षभर अंगावर काढलं तर दुखणं आत पसरतं. आजच्या बोलण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे मात्र घरातल्या मुलींपर्यंत पोचवा.

चला, आता बाटल्यांकडे वळू.

बाजारात मुख्य दोन जाती. एक अत्तर आणि दुसरी स्प्रेची बाटली. अत्तर तेलात असतं, त्यात अल्कोहोल नसतं. कापसाचा फाया करून किंवा बाटलीच्या काडीने एक थेंब लावायचा. ते अंगाच्या जवळ राहतं, हळूहळू दरवळतं आणि बराच वेळ टिकतं. स्प्रेच्या परफ्यूममध्ये सुगंधी तेल अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. ते एकदम पसरतं आणि लवकर उडतं. त्यातही प्रकार आहेत. बाटलीवर 'ओ द परफ्यूम' असेल तर सुगंधी अर्क साधारण १५ ते २० टक्के असतो. 'ओ द टॉयलेट' असेल तर साधारण ५ ते १५ टक्के. नावावर जाऊ नका, संडासाशी त्याचा काही संबंध नाही. 'कोलोन'मध्ये त्याहून कमी आणि बॉडी स्प्रेमध्ये बहुधा सगळ्यात कमी. म्हणून बॉडी स्प्रेचा डबा मोठा दिसतो, स्वस्त वाटतो, पण दिवसातून चारदा मारावा लागतो आणि महिन्यात संपतो. बाटली केवढी आहे यापेक्षा ती किती दिवस पुरेल, याचा हिशेब करा. गटात आपण पैशाचा हिशेब करतो, तसाच हा.

अत्तराचं माहेर म्हणजे उत्तर प्रदेशातलं कनौज. तिथे अजूनही जुन्या पद्धतीने अत्तर काढतात. तांब्याच्या मोठ्या हंड्यात फुलं आणि पाणी घालतात. हंड्याला डेग म्हणतात. झाकण मातीने लिंपून खाली जाळ घालतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात आणि तो गार पाण्यात ठेवलेला असतो. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते फुलांचा वास धरून ठेवतं. आता चंदन फार महाग झालं, म्हणून बऱ्याच स्वस्त अत्तरांत दुसरी तेलं वापरतात. कनौजला मातीचंही अत्तर करतात. भाजलेल्या मातीची वाफ धरायची, की पहिल्या पावसाचा वास बाटलीत येतो. मृग लागल्यावर पहिली सर आली की आपण अंगणात उभं राहून जो वास घेतो, तोच. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासाला इंग्रजीत 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपल्याकडे तर तो त्याच्या कितीतरी आधीपासून विकला जात होता.

गुलाबाच्या अत्तराचीही एक गोष्ट आहे. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की ते नूरजहाँच्या आईने शोधलं. गुलाबपाणी करताना गरम पाण्यावर तेलकट साय तरंगताना तिला दिसली. तिने ती टाकून दिली नाही, गोळा करून ठेवली. दुधावरची साय धरणाऱ्या आपल्यासारख्या बायांना ही गोष्ट लगेच कळेल.

आता एक हिशेब. एक किलो गुलाबाचं तेल निघायला साधारण ३ ते ५ हजार किलो फुलं लागतात. मग ५० रुपयांच्या बाटलीवर 'असली गुलाब' लिहिलेलं असेल तर तुम्हीच ओळखा. त्यात गुलाबाच्या वासाचं कारखान्यात बनवलेलं रसायन असतं. कारखान्यातला वास म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या महाग बाटल्यांतही तो असतो. आणि नैसर्गिक म्हणजे अंगाला सोसेलच, असंही नाही. आमचं म्हणणं एवढंच की गुलाबाच्या वासाचे पैसे द्या, गुलाबाचे देऊ नका.

मग निवडायचं कसं? आम्ही सहा गोष्टी सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट, बाटलीच्या तोंडाला नाक लावून निर्णय घेऊ नका. बाटलीत भपकाराच येतो. आधी कागदावर किंवा साध्या सुती चिंधीवर थेंब घ्या, थोडा वेळ जाऊ द्या, मग वास घ्या. आवडला तरच मनगटावर लावा.

दुसरी, एका वेळी तीनच वास पाहा. चौथ्याला नाक थकतं आणि सगळं सारखंच वाटायला लागतं. मोठ्या दुकानात मध्येच कॉफीचे दाणे हुंगायला देतात. त्याची गरज नाही. दुकानाबाहेर येऊन मोकळ्या हवेत दोन मिनिटं उभ्या राहा, तेवढं पुरतं.

तिसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची, वासाला वेळ द्या. सुवास तीन पायऱ्यांनी उलगडतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं जो येतो तो वरचा वास. लिंबू, संत्रं, पुदिना असा तरतरीत. दुकानदार यावरच बाटली विकतो. मग येतो मधला, बहुधा फुलांचा. मोगरा, गुलाब, जाई. तो काही तास राहतो. शेवटी उरतो तो तळाचा. चंदन, वाळा, ऊद, कस्तुरीसारखा. संध्याकाळपर्यंत तुमच्यासोबत हाच राहणार असतो. म्हणून मनगटावर लावा, बाजारातली बाकीची खरेदी उरका, भाजी घ्या, गिरणीवर जाऊन या, आणि दोन तासांनी पुन्हा हुंगून पाहा. तेव्हाही आवडला तर परत जाऊन घ्या. दुकानदार म्हणेल, "ताई, आजच्यापुरताच हा भाव." म्हणू द्या.

चौथी, दुसरीच्या अंगावर छान वाटला म्हणून तोच घेऊ नका. कोरड्या कातडीवर वास लवकर उडतो, तेलकट कातडीवर जास्त टिकतो. अंगाची ऊब आणि घाम प्रत्येकीचा वेगळा. वहिनीला शोभलेला मोगरा आपल्याला डोकेदुखी होऊ शकतो. कातडी कोरडी असेल तर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवा आणि त्यावर अत्तर लावा, जास्त टिकेल.

पाचवी, अंगाला सोसतं का ते पाहा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावा आणि दोन दिवस वाट बघा. लाली, खाज, पुरळ आलं तर तो वास आपल्यासाठी नाही, कितीही आवडला तरी. नुकते केस काढलेल्या जागी, चिरलेल्या-खरचटलेल्या जागी तर लावूच नका.

सहावी, प्रमाण. हातभर अंतरावरच्या माणसाला यावा, खोलीभर पसरू नये. आपलं नाक आपल्याच वासाला थोड्या वेळात सरावतं. मग वाटतं उडून गेला आणि आपण पुन्हा लावतो. समोरच्याला मात्र तो येतच असतो. दुसऱ्यांदा लावण्याआधी मैत्रिणीला विचारा, "अगं, येतोय का अजून?"

आता आपल्या हवामानाकडे बघू. मुंबईतल्या थंडगार दुकानात बसवलेल्या जाहिराती आपल्या कामाच्या नाहीत. वर्धेचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. उष्णतेने वास भडकतो. हिवाळ्यात जो ऊद किंवा हीना मायेने गुंडाळल्यासारखा वाटतो, तोच मे महिन्यात अंगावर बसतो. म्हणून उन्हाळ्यात हलके वास. वाळा, मोगरा, लिंबू-संत्र्याची जात. वाळा तर आपलाच. माठातल्या पाण्यात वाळ्याची जुडी, खिडकीला वाळ्याच्या ताट्या, हे सगळं आपण लहानपणापासून पाहिलंय. वाळ्याचं अत्तर खस या नावाने मिळतं. त्याला ओल्या मुळांचा, मातीचा वास असतो. गोड वास ज्यांना नको वाटतात त्यांनी हे नक्की पाहावं. पावसाळ्यात मातीचं अत्तर किंवा वाळा. थंडीत चंदन, हीना, केशराचा वास. केवडा मात्र फार तेज असतो, टाचणीच्या टोकाएवढाच लावा.

शेतात जाणाऱ्या मैत्रिणींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लिंबाच्या जातीची काही तेलं, विशेषतः बर्गामोट नावाचं, कातडीवर असताना कडक ऊन लागलं तर तिथे काळपट डाग पडतात. मानेवर ओघळल्यासारखे लांबट डाग दिसतात आणि महिनोनमहिने जात नाहीत. संत्र्याची किंवा लिंबाची साल चोळूनही उन्हात जाऊ नका. उन्हात जायचं असेल तर सुवास अंगावर नको, कपड्याच्या काठाला लावा. शिवाय फुलांच्या वासाकडे मधमाश्या वळू शकतात. बांधावर मोहोळ असेल तर त्या दिवशी काहीच न लावलेलं बरं.

कुठे लावायचं? मनगट, कानामागे, कोपराच्या आत. मनगटं एकमेकांवर घासू नका, वरचा वास लवकर उडतो. अत्तराचा थेंब रेशमी साडीवर किंवा पैठणीवर पडला तर डाग पडेल. मोत्यांवर आणि पॉलिशच्या दागिन्यांवर स्प्रे मारला तर त्यांची चमक जाते. म्हणून आधी सुवास, तो वाळला की दागिने. पदराला लावायचं असेल तर आतल्या बाजूला एका कोपऱ्यात लावून पाहा.

कुठे लावायचं नाही, तेही सांगतो. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला बघायला जाताना लावू नका. दम्याचा माणूस घरात असेल, दवाखान्यात जायचं असेल, तेव्हा नको. पोटुशी बाईला पहिल्या महिन्यांत साध्या वासानेही मळमळतं, तिच्यासमोर आपला घमघमाट नको. डोहाळजेवणाला हे विशेष लक्षात ठेवा. आणि चुलीजवळ, गॅसजवळ, दिव्याजवळ स्प्रे मारायचा नाही. अल्कोहोल भुर्रकन पेट घेतं. बॉडी स्प्रेचा रिकामा डबासुद्धा चुलीत टाकायचा नाही, तो फुटतो. बाटली लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, पोटात गेली तर धोका आहे.

खरेदी करताना काय बघायचं? सुवासिक द्रव्य अंगाला लावायचं म्हणजे कायद्याने ते सौंदर्यप्रसाधन ठरतं, आणि ते बनवायला परवाना लागतो. डबीवर किंवा बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, किती मिली आणि कमाल किंमत हे असायला हवं. 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकतात त्या बाटल्यांवर नाव मोठ्या कंपनीचं असतं, पण आत काय भरलंय ते कोणालाच माहीत नसतं. पुतणीच्या लग्नासाठी आमच्यातल्या एकीने अशी बाटली घेतली. दुसऱ्या दिवशी मानेवर पट्टाच उठला. पत्त्याच्या जागी फक्त एका शहराचं नाव होतं. तक्रार कोणाकडे करायची? पावती मागा. देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. जत्रेत, उरुसात सुटं अत्तर घेताना निदान ओळखीच्या, दरवर्षी येणाऱ्या माणसाकडून घ्या आणि छोटी ३ मिलीची बाटली घ्या. एक तोळा, म्हणजे साधारण १२ मिली, एकदम घ्यायची घाई नको. आणि घरी आणलेली बाटली खिडकीत ठेवू नका. उजेडाने, उन्हाने वास बिघडतो. कपाटात, अंधारात ठेवा.

गटाच्या बायांना इथे एक सूचना. काही गट विचारतात, आपणच अत्तर, गुलाबपाणी, साबण करून विकावं का? जरूर विचार करा, पण अंगाला लावायच्या वस्तूंना परवाना लागतो हे आधी समजून घ्या. परवाना काढल्यावरच विक्री. वाळ्याच्या पुरचुंड्या, कपाटात ठेवायला वाळवलेल्या संत्र्याच्या साली, मोगऱ्याचे गजरे, या गोष्टी अंगाला चोळायच्या नाहीत, त्यामुळे सुरुवातीला त्या सोप्या. घरच्यापुरतं दिवाळीचं उटणं करायचं असेल तर गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा हे आपल्या आजींच्या डब्यातलेच जिन्नस आहेत. त्यांचा एकत्र वास आला की कुठल्याही बाटलीशिवाय दिवाळी आल्यासारखं वाटतं.

आता शेवटची गोष्ट, आणि यावर आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला.

सुवास कोणी लावायचा, हे आपल्याकडे कोण ठरवतं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाताच्या पाठीवर अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात, तिळगूळ देतात, वाण देतात. त्या वेळी गावातल्या विधवा बाया घरात बसून असतात. त्यांच्या घरापर्यंत गाणी ऐकू येतात. नवऱ्यासोबत कुंकू गेलं, बांगड्या गेल्या, आणि अत्तराचा फायाही गेला. अत्तर लावलेली विधवा दिसली की लोक कुजबुजतात, "कोणासाठी लावलं हिने?" आमच्या गटातल्या एक काकू चाळिशीच्याही आत एकट्या पडल्या. त्या म्हणाल्या, "मला मोगरा आवडायचा तो माझ्या लग्नाआधीपासून. तो माझ्या बापाच्या अंगणात होता. नवऱ्याने आणला नव्हता, मग त्याच्याबरोबर जाईल कसा?" बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. त्या गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं ही प्रथा गावात बंद. पुढे १७ मे २०२२ रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनीही असं करावं म्हणून सांगितलं. ठराव कागदावर होतो, पण तो खरा उतरतो तो हळदीकुंकवाच्या चटईवर. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय की येत्या संक्रांतीला आमंत्रण सगळ्या बायांना. दारात अत्तराचा फाया घेऊन जी उभी असेल ती प्रत्येकीचा हात पुढे घेईल, हात कोणाचा आहे ते विचारणार नाही. ज्यांना नको असेल त्या नाही म्हणतील, तोही त्यांचाच अधिकार. तुमच्या गटातही हा विषय मांडून पाहा. विरोध होईल. सासूबाई रागावतील. सावकाश बोला, भांडू नका, पण विषय सोडू नका.

लेकी-सुनांच्या बाबतीतही हेच. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलीने बॉडी स्प्रे मारला की आपणच डोळे वटारतो. रागावण्याऐवजी तिला आज सांगितलेल्या सहा गोष्टी शिकवा. बाटलीवरचं बारीक अक्षर तिच्याकडूनच वाचून घ्या. तिचे डोळे चांगले, आपला अनुभव चांगला.

गटाच्या पुढच्या बैठकीसाठी एक छोटा उपक्रम सुचवतो. ज्यांच्या घरी जे अत्तर, सेंट असेल ते आणा. एकीने बाजूला बसून सुती चिंध्यांवर एकेक थेंब टाकावा आणि चिंध्यांना नुसते आकडे द्यावेत. नाव सांगायचं नाही, किंमत सांगायची नाही. आपण तीनच पाहायचे म्हटलंय, म्हणून तीन चिंध्यांचा एक फेरा, मग जमाखर्चाचं काम, मग पुढचा फेरा. प्रत्येकीने आपल्याला आवडलेला आकडा मनात ठेवायचा. बैठक संपताना पुन्हा हुंगायचं आणि मगच सांगायचं. आम्ही हे केलं तेव्हा सगळ्यात महाग बाटली फक्त एकीला आवडली, आणि ती बाटली तिची नव्हती. बाकी आठ-नऊ जणींचे आकडे वेगवेगळेच निघाले. एकीला तर कुठलाच आवडला नाही. ती म्हणाली, "मला नुसता रिठ्याने धुतलेल्या केसांचा वास आवडतो." तीही निवडच झाली. काहीच न लावणं आपल्याला शोभतं, हे ज्या बाईला कळलं, तिचे पैसे वाचले आणि निवडही झाली.

तर मैत्रिणींनो, थोडक्यात उजळणी. आधी स्वच्छता, दुखणं असेल तर दवाखाना, मग सुवास. तीनच वास पाहायचे, दोन तास थांबायचं, कोपराच्या आत तपासायचं, परवाना आणि तारीख वाचायची, छोटी बाटली घ्यायची, थोडंच लावायचं. आणि निवडताना नाक आपलं वापरायचं. जाहिरातीचं नाही, शेजारणीचं नाही, गावाचंही नाही.

तुमच्या गटात काय ठरलं, कोणाला कोणता वास आवडला, हे आम्हाला जरूर कळवा. आज इथेच थांबतो. नमस्कार.